अपत्याचे अपंगत्व आणि कुटुंबाचा आरोग्यखर्च : पनवेल परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील आरोग्याच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने तीन विषयांभोवती फिरताना दिसते : साथीचे रोग, रुग्णालये आणि कायदे. १८९६ च्या प्लेगवर विपुल लिहिले गेले आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजपासून के.ई.एम. पर्यंतच्या संस्थांचे इतिहास उपलब्ध आहेत. परंतु या सर्व लेखनात एक साधा प्रश्न बहुधा बाजूला राहतो. उपचाराचे पैसे कोणी दिले? साथ येते आणि जाते, शस्त्रक्रिया एकदा होते. पण ज्या घरात जन्मतः किंवा बालवयात अपंगत्व आलेले मूल वाढते त्या घराचा आरोग्यखर्च वीस-पंचवीस वर्षे, कित्येकदा आईवडिलांच्या मृत्यूपर्यंत चालू राहतो. अशा खर्चाचा इतिहास हा शासकीय अहवालांत सापडत नाही, तो घरातल्या जमाखर्चाच्या वहीत असतो आणि वही सहसा जपली जात नाही.

प्रस्तुत लेखात या खर्चाचे स्वरूप विसाव्या शतकाच्या आरंभापासून आजपर्यंत कसे बदलत गेले याचा विचार पनवेल शहर व तालुका डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. लेखाचा भर सर्वेक्षणावर नाही. सार्वजनिक नोंदी, संस्थांचे इतिहास, कायदे व योजनांच्या तरतुदी यांच्या आधारे कुटुंबाच्या वाट्याला नेमके काय आले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. लेखात 'अपंग', 'मतिमंद', 'विकलांग' हे शब्द त्या त्या काळाच्या संदर्भात आले आहेत. 'दिव्यांग' हा शब्द डिसेंबर २०१५ नंतर शासकीय व्यवहारात रूढ झाला. शब्द बदलण्यास खर्च लागत नाही, म्हणून तो बदल लवकर झाला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु शब्दांमागे चळवळही होती हे नाकारता येणार नाही.

मोजणी आणि विस्मरण

ब्रिटिश अमदानीतील जनगणनेत १८७२ पासून 'व्यंगां'ची मोजणी होत असे. वेडसर, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी असे तिचे चार रकाने होते. पायाने अधू असलेले, किंवा आज ज्याला आपण सेरेब्रल पाल्सी म्हणतो ती अवस्था असलेले मूल या रकान्यांत बसत नव्हते. १९३१ नंतर ही मोजणीही थांबली. स्वतंत्र भारतात १९८१ मध्ये हा प्रश्न पुन्हा विचारला गेला, १९९१ मध्ये गळाला आणि २००१ मध्ये चळवळीच्या रेट्यामुळे परत आला. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी अपंग व्यक्ती होत्या, महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. म्हणजे १९३१ ते २००१ या सत्तर वर्षांपैकी बहुतेक काळ अशी मुले किती आहेत हेच शासनाला ठाऊक नव्हते. संख्या नसेल तर अंदाजपत्रकात तरतूद कशी होणार? त्या काळातील सर्व खर्च कुटुंबाने केला, असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा हाही एक पुरावा मानावा लागतो.

वरील चार रकान्यांपैकी कुष्ठरोगाच्या बाबतीत पनवेल तालुक्यात तुलनेने लवकर संघटित काम उभे राहिले. नेरे येथील 'शांतिवन' ही कुष्ठरोग निवारण समितीची वसाहत १९५१ सालची. गांधीविचारातून आलेले हे काम प्रौढ रुग्णांच्या पुनर्वसनाचे होते. अपंग मुलाच्या आईवडिलांना जावे असे ठिकाण तालुक्यात त्यानंतरही दीर्घकाळ नव्हते.

औषधांचे गाव, उपचाराचा अभाव

ही परिस्थिती थोडी विरोधाभासाची आहे, कारण पनवेल हे औषधांचे गाव आहे. कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये स्थापन केलेल्या धूतपापेश्वर कारखान्यामुळे येथील आयुर्वेदीय औषधे मुंबई इलाख्यात सर्वदूर पोहोचली. नगरपालिका तर त्याआधीची, १८५२ ची. खाडीवरचे बंदर, भाताच्या गिरण्या, बैलगाड्यांच्या चाकांचा धंदा यांवर उभी असलेली ही बाजारपेठ होती. वैद्य होते, पुढे डॉक्टर आले. ताप, खोकला, बाळंतपण यांसाठी गावाबाहेर जाण्याची गरज नव्हती. पण चालायला न लागलेल्या मुलाला तेलाचे मालीश करण्यापलीकडे कोणाजवळ काही नव्हते. मालीश, काढे, अंगारे, नवस, कुलदैवताच्या वाऱ्या यांवर होणारा खर्च हाच पहिल्या टप्प्यातील आरोग्यखर्च होय. आजचा अभ्यासक नवसाचा खर्च 'आरोग्य' या शीर्षाखाली घेणार नाही; ज्या बाईने तो केला तिच्या लेखी मात्र तो उपचाराचाच भाग होता. खर्चाचे वर्गीकरण कोणी करायचे, हा प्रश्न येथूनच सुरू होतो आणि तो पुढे विमा कंपन्यांपर्यंत पोहोचतो.

मुंबईत १९२९ मध्ये परळ येथे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. शंभर वर्षांत कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) किती मुले तेथे गेली असतील याचा हिशेब नाही. परंतु जाण्याची वाट कशी होती ते सांगता येते. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला. तोपर्यंत पनवेलहून मुंबईस जाणारा रस्ता शीळफाटा, मुंब्रा, ठाणे असा वळसा घेऊन जाई. पनवेल हार्बर मार्गाला १९९८ मध्ये जोडले गेले. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची पहिली पंचवीस वर्षे, कडेवर न मावणारे मूल घेऊन परळला जायचे म्हणजे पूर्ण दिवस मोडणे होते, आणि मजुरीवर जगणाऱ्या घरात मोडलेल्या दिवसाची किंमत तपासणीच्या शुल्काहून अधिक असते. रुग्णालय धर्मादाय असले तरी रस्ता धर्मादाय नव्हता.

पालकांनी उभ्या केलेल्या संस्था

अपंग मुलांच्या उपचाराचा मुंबईतील इतिहास पाहू लागलो की एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. सुरुवातीच्या महत्त्वाच्या संस्था शासनाने काढलेल्या नाहीत, वैद्यकीय व्यवसायानेही नाहीत. त्या आईवडिलांनी काढल्या. होरमसजी आणि जय वकील या दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये जी शाळा सुरू केली, ती आज शिवडी येथील जय वकील संस्था म्हणून ओळखली जाते. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया'ची स्थापना केली, ती त्यांच्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या अनुभवातून.

यांतील फातेमा इस्माईल यांची हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. त्या स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्त्या, संपन्न घराण्यातील. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला तेव्हा मुंबईसारख्या शहरात तिच्यावर नीट उपचार करणारी व्यवस्था नव्हती. त्यांनी मद्रासचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे मुलीला नेले, कित्येक महिने तेथे राहिल्या, नंतर पुण्यास सैनिकांसाठी असलेल्या पुनर्वसन केंद्राचा आधार घेतला. युद्धात जायबंदी झालेल्या जवानांसाठी जी साधने होती तीच पोलिओच्या मुलांच्या उपयोगी पडतील हे त्यांनी ओळखले. १९४७ मध्ये डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या साहाय्याने त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना उघडला. त्यातूनच 'सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन' आणि हाजीअली येथील मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९७८ मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या. केंद्र शासनाची भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था हाजीअलीलाच १९५५ मध्ये आली, म्हणजे पालकाच्या पुढाकारानंतर.

आता या हकीकतीकडे खर्चाच्या बाजूने पाहू. मद्रासला महिनोन्‌महिने राहणे, पुण्यास बिऱ्हाड हलवणे, या काळात दुसरे काही काम न करणे, हे किती घरांना शक्य होते? उपचाराचे ज्ञान ज्या मार्गाने मुंबईत आले तो मार्ग एका श्रीमंत घराने स्वतःच्या पैशाने घातला. पनवेलच्या मिठागरावर काम करणाऱ्या आगरी कुटुंबातील पोलिओच्या मुलाला पुढे हाजीअलीला कॅलिपर आणि बूट मिळाले असतील तर त्यामागे हा खर्च आहे. हे श्रेय देताना दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पालकांच्या पुढाकारावर उभी राहणारी व्यवस्था जेथे असे पालक असतील तेथेच उभी राहते. म्हणून ती दक्षिण मुंबईत झाली आणि खाडीच्या या बाजूस झाली नाही.

कॅलिपरचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. मूल वाढते, कॅलिपर वाढत नाही. दर वर्षा-दोन वर्षांनी नवे माप, नवा बूट, नवा पट्टा. धर्मादाय संस्था पहिला कॅलिपर मोठ्या समारंभाने देते. तिसरा आणि चौथा कोण देतो हे वर्तमानपत्रात येत नाही. पोलिओपुरता हा प्रश्न देशाने मुळातूनच सोडवला. १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. कुटुंबाचा अपंगत्वावरील खर्च सर्वाधिक कोणत्या योजनेने वाचवला असेल तर ती ही, आणि तिचा हिशेब अपंगकल्याणाच्या शीर्षाखाली कधीच मांडला जात नाही.

प्रसंग आणि कालावधी

शासन या क्षेत्रात आले ते दोन वाटांनी : साधनांची मदत आणि रोख अनुदान. १९७२ मध्ये कानपूरला कृत्रिम अवयव बनवणारे महामंडळ, १९८१ पासून साधनसाहाय्याची केंद्रीय 'ॲडिप' योजना, वांद्रे येथे १९८३ मध्ये कर्णबधिरांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, सिकंदराबादला १९८४ मध्ये मतिमंदांसाठी राष्ट्रीय संस्था. या शेवटच्या संस्थेचे प्रादेशिक केंद्र पुढे खारघरला, म्हणजे पनवेल तालुक्याच्याच हद्दीत आले. खाडीपलीकडचा उपचार अखेर खाडी ओलांडून आला, त्याचे कारण मात्र आरोग्यधोरण नव्हते. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवे शहर वसवले, संस्थांना भूखंड मिळाले, म्हणून केंद्र आले. ज्या गावांची जमीन त्यासाठी गेली त्या गावांतील मुलांना झालेला हा लाभ योगायोगाचा आहे, पण लाभ आहे.

रोख अनुदानाच्या बाबतीत संजय गांधी निराधार अनुदान योजना सर्वांत जुनी. रायगड जिल्ह्याचेच सुपुत्र बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८० मध्ये ती सुरू झाली. तिची रक्कम २०१९ मध्ये दरमहा १,००० रुपये, २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थींसाठी ती २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. अपंग लाभार्थीच्या कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये ठेवण्यात आली. या आकड्यांची सांगड प्रत्यक्ष गरजेशी घालून पाहू. समजा एखाद्या मुलाला आठवड्यातून तीन वेळा फिजिओथेरपी वा वाचोपचार लागतो आणि प्रत्येक वेळचे शुल्क ४०० रुपये आहे. वर्षाचे ६२,४०० रुपये होतात. वाढीव अनुदान वर्षाला ३०,००० रुपये. म्हणजे ज्या कुटुंबाला अनुदान मिळू शकते त्याचे संपूर्ण वार्षिक उत्पन्न एका मुलाच्या उपचाराला पुरत नाही. आणि ज्याचे उत्पन्न एवढा उपचार परवडण्याइतके आहे ते अनुदानाच्या मर्यादेबाहेर पडते. रिक्षाचालक, दुकानातील कारकून, कंत्राटी कामगार हे सर्व याच मधल्या पट्ट्यात येतात. पनवेलच्या नव्या वसाहतींत हाच वर्ग बहुसंख्य आहे.

वरच्या उत्पन्न गटासाठी शासनाने दुसरी वाट ठेवली, ती आयकराची. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडीखाली अपंग अवलंबिताच्या पालनपोषणासाठी ठरावीक वजावट मिळे. २०१५ च्या अर्थसंकल्पाने ती ७५,००० रुपये आणि तीव्र अपंगत्वासाठी १,२५,००० रुपये केली. वीस टक्के दराने कर भरणाऱ्याचे यातून १५,००० रुपये वाचत. जो करच भरत नाही त्याला काही नाही. पुढे नव्या करप्रणालीत ही वजावट ठेवली गेली नाही. आपल्यासारख्या पगारदार प्राध्यापकांना हा तपशील परिचित असेल.

आरोग्यविम्याचा अनुभव अधिक सूचक आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे संरक्षण होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि पुढे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवण्यात आले. हृदयाला छिद्र असलेल्या बालकांच्या शस्त्रक्रिया तिच्यामुळे झाल्या, हे तिचे मोठे यश. परंतु तिची रचनाच रुग्णालयात दाखल होण्यावर आणि ठरलेल्या उपचारप्रक्रियांवर आधारलेली आहे. जे मूल दाखल होत नाही, केवळ रोज थोडे थोडे शिकते, त्याच्यासाठी तिच्यात जागा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे उद्घाटन फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या शेजारच्या पालघरला झाले. अंगणवाडी आणि शाळांतील तपासणीमुळे दोष लवकर कळू लागले. निदान शासनाच्या खर्चाने होते. निदानानंतरची वर्षे बहुतांशी घराच्या खर्चाने जातात.

येथे माझे मत स्पष्टपणे मांडतो. शासन, धर्मादाय संस्था आणि विमा कंपन्या हे तिघेही 'प्रसंगा'चा खर्च उचलतात आणि कुटुंब 'कालावधी'चा खर्च उचलते. कॉक्लिअर इम्प्लांट हे याचे उत्तम उदाहरण. ॲडिप योजनेखाली काही लाख रुपये किमतीचे उपकरण मुलाला विनामूल्य मिळू शकते, ही सामान्य गोष्ट नव्हे. पण शस्त्रक्रियेनंतर मूल बोलू लागते ते वर्षानुवर्षांच्या वाचोपचाराने. आणि उपकरणाची केबल तुटते, बॅटरी संपते, बाहेरचा प्रोसेसर जुना होतो. दरवाजा उघडून दिला जातो, पण आतले भाडे कुटुंबाने भरायचे असते. ते भरता आले नाही तर लाखोंचे उपकरण पेटीत पडून राहण्याचा धोका असतो, आणि मग दोष पालकांच्या 'अनास्थे'ला दिला जातो.

या नियमाला एक लक्षणीय अपवाद आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांचा स्वतंत्र विचार केला आणि त्यातून २००८ मध्ये 'निरामय' ही विमायोजना आली. संरक्षण एक लाखाचेच, पण बाह्यरुग्ण तपासणी, नियमित थेरपी, इतकेच नव्हे तर प्रवासखर्चही तिच्यात धरला आहे आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. रक्कम अपुरी आहे. तरीही आईच्या वहीतील रकाने विम्याच्या रकान्यांत आणण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न म्हणून इतिहासात त्याची नोंद व्हावयास हवी. खाजगी विमा कंपन्यांनी अपंग व्यक्तींसाठी योजना उपलब्ध करून द्यावी, असा विमा नियामक प्राधिकरणाचा आदेश येण्यास २०२३ साल उजाडले.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले. त्याच्या कलम २४ नुसार सामाजिक सुरक्षा योजनांत अपंगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के अधिक साहाय्य मिळावे, कलम २५ नुसार विशेषतः ग्रामीण भागात घराजवळ मोफत आरोग्यसेवा मिळावी. कायद्यातील 'घराजवळ' हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९९५ च्या कायद्याच्या काळात साधे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी पनवेलच्या पालकांना मूल घेऊन अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाच्या मंडळापुढे जावे लागे. एस.टी.त अपंगांना ७५ टक्के सवलत आहे, परंतु ती मिळण्यासाठी आधी प्रमाणपत्र लागे आणि प्रमाणपत्र आणण्याचा पहिला प्रवास पूर्ण भाड्याचा असे.

जमाखर्चात न येणारी बाब

आतापर्यंत जे विवेचन केले त्यात घरातून बाहेर गेलेल्या पैशाचा विचार झाला. घरात न आलेल्या पैशाचा विचार राहिला. मुलाला थेरपीला नेणे, तेथे शिकवलेले घरी रोज करून घेणे, फिट आली तर रात्र जागणे हे काम जवळजवळ सर्वत्र आई करते आणि त्यासाठी नोकरी सोडते, बढती नाकारते किंवा नोकरीचा विचारच करत नाही. एखाद्या शिक्षिकेने मुलासाठी पंधराव्या वर्षी सेवा सोडली तर तिचे उरलेले वेतन आणि निवृत्तिवेतन हा त्या मुलाचा आरोग्यखर्चच आहे. हा आकडा थेरपीच्या शुल्काच्या कित्येक पटींनी मोठा असतो, आणि तो कोठेच लिहिला जात नाही, कारण पावती नसते.

शासनाने ही बाब मान्य केली ती रजेच्या रूपाने आणि तीही फक्त आपल्या कर्मचाऱ्यांपुरती. केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली, एकल पित्यांना २०१८ पासून. कारखान्यात, दुकानात किंवा दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्या आईला असे काही नाही. उच्च शिक्षणाच्या क्षेत्रातही सर्व राज्यांत एकसारखी स्थिती नव्हती. हिमाचल प्रदेशातील एका शासकीय महाविद्यालयातील सहायक प्राध्यापिकेची, मुलाच्या जनुकीय आजारावरील उपचारांत सर्व रजा संपल्यानंतर, बालसंगोपन रजा नाकारण्यात आली. राज्याच्या नियमांत ती तरतूदच नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २२ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने म्हटले की स्त्रियांचा कामातील सहभाग हा कृपेचा विषय नसून घटनात्मक हक्काचा विषय आहे. अपंग मुलांच्या मातांसाठी रजेचे धोरण नव्याने तपासावे म्हणून राज्याच्या मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचा आदेश न्यायालयाने दिला आणि दरम्यान त्या प्राध्यापिकेच्या अर्जाचा अनुकूल विचार करावा असे सांगितले.